आंबोलीचा घाट चार वेळा

चौकीवरच्या कारकुनानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोनदा वाचले आणि म्हणाला, "मुलगी जाईल. बाई जाणार नाही."

बाई म्हणजे माझी लेक हौसा. मुलगी म्हणजे तिची शेवंती, तीन वर्षांची. त्या दोघी आडव्या दांडीच्या पलीकडं उभ्या होत्या आणि मी अलीकडं. दांडी बांबूची, चुना फासलेली, माझ्या कमरेइतकी उंच. अलीकडं हिंदुस्थान. पलीकडं शे-दोनशे पावलांचा रिकामा रस्ता, आणि त्याच्या टोकाला पोर्तुगिजांचं फाटक. गोवा सुटायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा कोल्हापूरच्या माणसाला गोवा म्हणजे परमुलूख होता आणि गोव्याच्या माणसाला आपण.

शेवंतीचा उजवा डोळा इतका पुढं आला होता की पापणी मिटत नव्हती. हौसानं त्यावर जुन्या धोतराची पट्टी बांधली होती.

"का जाणार न्हाय?" मी विचारलं.

"परवान्यावर नाव हौसाबाई आहे. ह्यांच्या गोव्याच्या कागदावर सत्यभामा आहे. ह्या सत्यभामा. मग हौसाबाई कुठं आहेत?"

"ही काय उभी हाय. मी तिची आई. मला माझी लेक वळखू येत न्हाय व्हय?"

दांडीजवळचा शिपाई गारगोटीकडचा निघाला. तो हळूच म्हणाला, "साहेब, आमच्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलत्यात. तांदळात लिवत्यात की."

"मग तांदळातलं नाव फॉर्मावर लिहायचं होतं," कारकून म्हणाला. आवाज चढवला नाही. दुसऱ्याच्या कागदावर माणसं आत आली म्हणून त्याच्या आधीच्या कारकुनाची नोकरी गेली होती. हे शिपायानं मला नंतर सांगितलं. तेव्हा माहीत असतं तरी मी त्याला शिव्याच दिल्या असत्या.

परवान्यावर आत यायची मुदत आठ दिवसांची होती. परत जाऊन नाव दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा दोन महिने. हौसानं मला एकच विचारलं, "डॉक्टर लगीच बघंल न्हवं?"

"बघंल."

"मग घे तिला."

तिनं पोर दांडीवरून माझ्याकडं दिली. शेवंतीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ओढून पाहिलं, सुटेना. हौसानं पदर दातात धरून तेवढं टोक फाडलं आणि तिच्या मुठीत राहू दिलं. लुगडं नवं होतं, माहेरी यायचं म्हणून नेसलेलं. मग ती पाठ फिरवून रिकाम्या रस्त्यानं चालायला लागली. पोर ओरडत होती तरी वळली नाही. वळली असती तर मी पोर परत दिली असती, हे तिला माहीत होतं.

तो फॉर्म मीच भरला होता.

हौसाचं लग्न झालं तेव्हा कोल्हापूरहून गोव्याला जायला कुणी कागद मागत नव्हतं. जावई डिचोलीजवळ खाणीवर लॉरी चालवायचा. स्थळ चांगलं होतं, दिली. पुढं सरहद्द बंद झाली आणि लेक परदेशात पडली. पत्रं चालू होती, पण कधी पंधरा दिवस, कधी महिना. पौषात पत्र आलं की शेवंतीचा डोळा कंदिलाच्या उजेडात मांजरासारखा चमकतो. सासूनं आधी दृष्ट काढली, मग अंगारा लावला, मग डॉक्टरकडं नेलं. त्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यात गाठ आहे, कॅन्सर आहे, डोळा काढला तर पोर वाचेल, पण हे काम माझ्याच्यानं होणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या. त्यांचं मोठं ठिकाण म्हणजे बोटीनं लिस्बन. आमचं कोल्हापूर, एका दिवसाच्या वाटेवर. पण मधे ती दांडी.

परवाना इकडून काढायचा होता. आजारी माणूस आणि बरोबर एकच मोठं माणूस, असा नियम. मी कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "मावशी, बसा. फॉर्म मी भरून देतो."

मी म्हटलं, "चौथी पास हाय मी. द्या इकडं."

शेवंतीचं नाव बापाच्या नावासकट लिहिलं, ते बरोबर होतं. खालच्या ओळीत तिच्या आईचं नाव. मी हौसाबाई लिहिलं, वळणदार अक्षरात. लग्नात जावयानं ताटातल्या तांदळात अंगठीनं सत्यभामा लिहिलं, तेव्हा मी मागच्या दारी पंगतीचं बघत होते. नाव मला दुसऱ्या दिवशी कळलं. आवडलं नाही. माझ्या सासूच्या नावानं ठेवलेलं नाव काढून टाकणारे हे कोण, म्हणून मी ते कधी तोंडातून उच्चारलं नाही. पत्रं जावयाच्या नावानं जायची, त्यामुळं कधी लिहिलंही नाही. त्या कारकुनानं फॉर्म भरला असता तर त्यानं विचारलं असतं, "सासरचं नाव काय?" ते त्याचं रोजचंच काम होतं.

परवाना यायला दोन महिने गेले. तोवर शिमगा होऊन गेला. मी म्हशी शेजारणीच्या गळ्यात घातल्या आणि निघाले. माझा दुधाचा धंदा होता. दोन म्हशी, रोज दुधाच्या कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, असा एस.टी.चा रस्ता. जाताना मला घाट बघायला सवड होती. वर गार वारा आणि खाली नुसतं हिरवं, तळ दिसत नाही. घाट उतरला की हवा चिकट होते आणि काजूच्या बोंडांचा आंबूस वास येतो. तोवर मी काजू फक्त शिऱ्यात पाहिला होता. सावंतवाडीला धर्मशाळेत राहिले आणि सकाळी चौकीवर गेले. पुढचं सांगितलंच.

आता शेवंतीला घेऊन तोच रस्ता परत. सावंतवाडीला गाडीत बसेपर्यंत ती रडून रडून घसा बसून गप झाली होती. शेजारी एक बाई होती, खाऊनपिऊन सुखी दिसणारी. तिनं विचारलं, "पोरीचं डोळं आल्यात व्हय?"

"न्हाय."

"मग काय झालंय?"

"कॅन्सर."

ती उठली आणि पुढं जाऊन बसली. थोड्या वेळानं कंडक्टर आला. "मावशी, मागच्या शिटावर जाता का? लोकं कुरकुर करत्यात."

"मागं घाटात पोर वकंल. मग ते पुसाय येणार हैस का?"

"तसं न्हवं, पण लागण-"

"तिकीट फाडलंय की. आजरा येईस्तोवर ही जागा माझी, मग पुढचं तिकीट फाड, तवाबी माझीच."

मागून एक म्हातारा म्हणाला, "पावणं, बसू द्या त्यास्नी. कॅन्सर काय उडून लागतोय व्हय? लागला असता तर आमच्या घरात कोण उरलंच नसतं." मग त्यानं आपल्या घरातले कॅन्सरनं गेलेले तिघे निपाणीपर्यंत सविस्तर सांगितले. ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

शेवंतीचं बोलणं मला अर्धं कळायचं. ती गोव्याची कोकणी बोलायची. घाट चढताना म्हणाली, "म्हाका उदक जाय" (मला पाणी हवंय). मला वाटलं तिला कुठं तरी जायचंय. मी सांगितलं, "जायाचंच हाय की." ती पुन्हा तेच म्हणाली आणि तांब्याकडं बोट केलं, तेव्हा समजलं. आजऱ्याच्या अलीकडं तिला डुलकी लागली, मूठ सैल झाली आणि पदराचा तुकडा खिडकीतून उडाला. मी पाहिला. गाडी थांबवा म्हटलं नाही. दोन बोटांच्या चिंधीसाठी कोण थांबवणार होतं? उठल्यावर तिनं मूठ उघडून पाहिली. मग दुसरी उघडून पाहिली.

कोल्हापुरात डॉक्टरनं दुसऱ्याच दिवशी तिला अंधाऱ्या खोलीत नेऊन बत्तीनं डोळा तपासला. बाहेर आला आणि म्हणाला, "हिच्या आईला बोलवा."

"ती येऊ शकत न्हाय. ती गोव्यात हाय."

"वडील?"

"तेबी तिथंच. जे काय असंल ते मला सांगा. मी रडत न्हाय."

मग त्यानं सांगितलं. डोळा उद्याच काढतो. गाठ डोळ्यातच असेल तर पोर वाचली. मागच्या नसेत उतरली असेल तर नाही. सही कुणाची, म्हणाला. मी केली. ह्या वेळी विचारून केली, कुठं काय लिहायचं ते.

डोळा काढला. तो बाटलीत घालून तपासायला मुंबईला पाठवला. माझ्या घरातलं त्या आधी कुणी मुंबईला गेलं नव्हतं. उत्तर यायला तीन आठवडे लागणार होते. त्याच आठवड्यात मी कचेरीत जाऊन हौसासाठी नवा अर्ज दिला. कारकुनासमोर कोरा फॉर्म ठेवला आणि म्हटलं, "भरा. नाव सत्यभामा." ते नाव मी पहिल्यांदा तोंडानं घेतलं.

ते तीन आठवडे बरे गेले म्हणायचे. डोळा काढल्यावर पोरीचं दुखणं थांबलं. भाकरी तिला गिळायची नाही. "शीत" (भात) आणि "नुस्तें" (मासे) एवढंच मागायची. मी पंचगंगेचे मासे आणले, आमच्या पद्धतीनं तिखट केले. तिनं तोंडात घातले आणि थुंकले. खरं तर मलाही आवडले नव्हते. पण दूध प्यायची. सकाळी म्हशींबरोबर तिला कट्ट्यावर न्यायची. धारेखाली पेला धरला की फेस वर यायचा, आणि ती तसंच ऊन दूध पेल्याला तोंड लावून प्यायची. ओठावर फेसाची मिशी यायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "फौजदार आलं बघा." तिला फौजदार म्हणजे काय ते कळत नव्हतं, तरी हसायची.

शेजारीण एकदा म्हणाली, "डोळा न्हाय ते बाकी सगळं ब्येस हाय. पण पोरीची जात. फुडं लगीन कसं व्हायचं?"

मी म्हटलं, "लगीन व्हईस्तोवर जगू दे. मग तू काळजी कर."

रोज सकाळी पोर विचारायची, "आवय फाल्यां येतली?" (आई उद्या येईल?) मी म्हणायची, "फाल्यां." तेवढा एक कोकणी शब्द मला नीट यायला लागला.

मुंबईचा कागद आला. डॉक्टरनं मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. गाठ नसेतून मागं गेली होती, डोळा कापला त्याच्याही पलीकडं.

"दोन महिने आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"तर वेगळं असतं कदाचित."

दोन महिने म्हणजे परवान्याचे. ते माझ्या चुकीचे नव्हते, ते कुणालाही लागलेच असते. माझ्या चुकीनं पोरीचा जीव गेला असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. माझ्या चुकीनं तिची आई तिच्याजवळून गेली, एवढं खरं आहे.

"मुंबईला मशिनीचा शेक देतात," डॉक्टर म्हणाला. "नेऊ शकता."

"वाचंल का?"

तो कागदाची घडी घालत राहिला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "नाही. थोडे दिवस वाढतील."

"ते दिवस तिनं कुणापाशी काढायचं? माझ्यापाशी, मुंबईत, का आईपाशी?"

घरी आले आणि जावयाला तार केली की अमुक दिवशी चौकीवर या. हौसाचा नवा परवाना आला नव्हता. कचेरीत रोज विचारत होते. "वर गेलाय," म्हणायचे.

वैशाखात तिसऱ्यांदा घाट. पट्टीखालून पुन्हा सूज यायला लागली होती आणि पोर बहुतेक वेळ झोपून असायची. ह्या वेळी गाडीत कुणी उठून गेलं नाही. विचारलंही नाही. आंबोलीला गाडी चहाला थांबली. करवंदं विकणारी एक पोरवयाची बाई खिडकीशी आली, आत बघितलं आणि एक द्रोण माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली. मी हाक मारली तरी परत आली नाही. शेवंतीनं दोन करवंदं चोखली. आता ती फाल्यांचं विचारत नव्हती. मीच म्हटलं, "आज. आवय आज." आजला कोकणीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. तिला कळलं की नाही, सांगता येत नाही.

चौकीवर तोच कारकून होता. तोच शिपाई. कारकुनानं शेवंतीचा कागद पाहिला, मग पट्टीकडं पाहिलं. "डोळा काढला वाटतं. मग बरी झाली?"

"न्हाय."

त्यानं शिक्का मारला. मग विचारलं, "त्या बाईंचा दुसरा परवाना?"

"आला न्हाय."

"मी इथून लिहिलं होतं त्यांना," तो म्हणाला. मी विश्वास ठेवला. खोटं बोलायची त्याला गरज नव्हती.

पलीकडच्या फाटकाशी हौसा उभी दिसत होती. तिच्याजवळ एक उंच काळा शिपाई, आफ्रिकेतून आणलेला, बंदूक घेऊन. तिला फाटकाबाहेर सोडत नव्हते आणि मला दांडीपलीकडं. गारगोटीवाला म्हणाला, "मी न्हेलं असतं मावशी, पर मला एक पाऊल टाकता येत न्हाय." त्या रिकाम्या रस्त्यावर जायची परवानगी फक्त ओझी नेणाऱ्या हमाल बायांना होती. त्यातल्या एकीला त्यानं हाक मारली. ती सुकलेल्या अंगाची बाई होती, माझ्याच वयाची. तिनं माझं बोचकं डोक्यावर घेतलं, पोरीला कडेवर घेतलं आणि तिच्याशी कोकणीत बोलली, "चल, आवय थंय आसा" (आई तिथं आहे).

शेवंतीनं मान उचलली. त्या दिवसात पहिल्यांदा.

मी दांडी धरून उभी होते. हमालीण सावकाश चालत होती, तिला काय घाई. एवढ्या लांबून मला तोंडं दिसत नव्हती. हौसानं हात पुढं केलेले दिसले. हमालीण थांबली, दोघी जवळ आल्या आणि मग हमालीण एकटीच परत फिरली. तो काळा शिपाई माझं बोचकं उचलून हौसामागून चालत गेला. बंदूक त्यानं खांद्याला अडकवली होती.

हमालिणीला मी विचारलं, "पोर काय बोलली?"

"कांय ना," ती म्हणाली. काही नाही.

चौथ्यांदा घाट मी एकटीनं चढले. त्याचं सांगण्यासारखं काही नाही. खिडकीची जागा मिळाली होती.

घरी पोचले त्याच्या चौथ्या दिवशी हौसाचा परवाना आला. सत्यभामा. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, सगळं बरोबर. मुदत आठ दिवस. मी तो पत्रात घालून पाठवला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. त्याचं उत्तर आलं ते जावयाच्या हातचं. मिरगाच्या आधी, चौकीवरून नेल्यापासून सोळाव्या दिवशी, शेवंती गेली होती. मी धाडलेला परवाना तिच्या तेराव्याला पोचला.

पुढच्या वर्षी गोवा सुटला. कोल्हापुरात पेढे वाटले, मलाही मिळाले. पुढं सरळ गाडी सुरू झाली आणि हौसा आली, कुणी कागद विचारला नाही. सकाळी ती माझ्याबरोबर कट्ट्यावर आली. जुनं गिऱ्हाईक विचारून बसलं, "फौजदार कुठं हाय?" मी त्याला सांगितलं. हौसा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

घरी येताना म्हणाली, "नाव बरूबर असतं तरी पोर गेलीच असती, आई."

"व्हय," मी म्हटलं. "पर तू जवळ असतीस. चाळीस दिवस ती मला फाल्यां इचारत हुती."

चार पावलं गेल्यावर तिनं बादली माझ्या हातातून घेतली.

हल्ली कोल्हापूरची पोरं गोव्याला समुद्र बघायला जातात. आल्यावर मला विचारतात, "आजी, तुम्ही गोव्याला गेलाय का?" मी म्हणते, दांडीपर्यंत. कुठली दांडी, ते त्यांना माहीत नसतं. मीही सांगत बसत नाही. लेकीकडं अजून गेले नाही. ती बोलावते, मी म्हशींचं कारण सांगते. म्हशी विकून आता आठ वर्षं झाली.

त्या दिवशी दांडीशी आम्ही तिघी होतो. मी आता पंचाहत्तरीची आहे. हौसा डिचोलीत आहे, तिला नंतर दोन मुलगे झाले, दोघांचे डोळे चांगले आहेत. शेवंती सव्वातीन वर्षांची होऊन गेली.